बाभुळगावच्या माळावर अँटेनाचा तास

अँटेनाच्या पेपरातून आपल्या बहुतेकांच्या डोक्यात दोनच गोष्टी उरतात. डायपोलच्या पॅटर्नचा तो आडवा आठचा आकडा आणि ७३ ओहम. व्हायवाला या दोन गोष्टी सांगितल्या की सर मान डोलावतात आणि पुढच्या रोल नंबरला बोलावतात. या लेखात त्याच डायपोलबद्दल लिहायचं आहे, पण फळ्यावरच्या नाही. दोन बांबू, एक कडुनिंब आणि वीस मीटर तार एवढ्यावर शेताच्या बांधाला उभ्या केलेल्या डायपोलबद्दल.

झालं असं की हिवाळ्यातल्या एका रविवारी नागपूर-अमरावतीकडचे काही हौशी रेडिओवाले, ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात ते, बाभुळगाव तालुक्यात बेंबळा धरणाच्या बाजूला जमणार होते. उद्देश साधा होता : पिशवीत मावेल अशी अँटेना उघड्या रानात लावायची, बॅटरीवर संच चालवायचा आणि कोणती तार कुठपर्यंत पोचते ते बघायचं. आमच्या वर्गातले आम्ही चौघे त्यांच्यासोबत जायला तयार झालो. यवतमाळहून धामणगावच्या एस.टी.त बसलो, बाभुळगावला उतरलो, पुढे त्यांच्यापैकी एका काकांनी जीपमध्ये घेतलं. काका टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवतात. बाकीच्यांत एक शाळेतले सर, एक निवृत्त टेलिफोनवाले आणि एक बँकेतल्या ताई. इंजिनियर त्यांच्यात एकही नव्हता, हे आपल्या ब्रँचच्या लोकांनी मुद्दाम वाचावं.

हॉस्टेलवर परत आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला होता. "अरे, खिशात मोबाईल आहे ना? मग तारा कशाला बांधता?"

प्रश्न रास्त आहे. मोबाईल हा रेडिओच आहे, पण तो फक्त जवळच्या टॉवरपर्यंत बोलतो. पुढचं सगळं टॉवर, त्याची वीज, डिझेल, फायबर आणि एक्स्चेंज यांच्या भरवशावर. ही साखळी एका जागी तुटली की हातातल्या फोनची टॉर्च उरते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा तिथल्या लोकांनी हे अनुभवलं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातच जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशा वेळी कोण कुठे आहे, किती जण आहेत, औषध कोणतं पाहिजे एवढी चार वाक्यं पलीकडे पोचणं ही जीव वाचवण्याची पहिली पायरी असते.

हॅम मंडळींनी हे काम पूर्वी केलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या वेळी हौशी रेडिओवाले आपापले संच घेऊन लातूर भागात गेले आणि निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची, म्हणजे 'नायर'ची, एक तुकडी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात गेली होती. गेली होती हौसेने, दुर्मीळ ठिकाणाहून जगाशी बोलायला. २६ तारखेला त्सुनामी आली आणि व्हीयू-४-आरबीआय हे त्यांचं हौसेचं स्टेशन अंदमानातून मुख्य भूमीला निरोप देणारं स्टेशन झालं. या दोन्ही ठिकाणी तयार टॉवर कोणी दिला नव्हता. मिळेल त्या जागी, मिळेल त्या आधाराला अँटेना बांधावी लागली. म्हणून रविवारी शेतात जाऊन तार बांधण्याचा सराव करायचा. पूर आल्यावर सूत्र आठवत बसायला वेळ नसतो.

आता तासाला सुरुवात करू.

हॅम लोकांना लघुलहरींवर जे पट्टे मिळतात त्यातला सगळ्यात कामाचा म्हणजे ४० मीटरचा पट्टा, ७ मेगाहर्ट्झच्या जरा वर. त्यासाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल कापायचा. हवेतली तरंगलांबी ३०० भागिले मेगाहर्ट्झ, तिचं अर्धं १५० भागिले मेगाहर्ट्झ. पण तारेच्या टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्षात तार साधारण पाच टक्के कमी लागते, म्हणून १४३ भागिले मेगाहर्ट्झ असं धरतात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी उत्तर येतं २०.१४ मीटर, म्हणजे मधोमध तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. मध्ये कोॲक्स केबल जोडायची, एका बाजूला आतली तार, दुसऱ्या बाजूला जाळी. टोकांना प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे इन्सुलेटर म्हणून, आणि त्यापुढे नायलॉनची दोरी. झाली अँटेना.

४० मीटर म्हटल्यावर एक जुना आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'नंतर मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या वयाच्या. त्यांची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. कॅल्क्युलेटर काढा : ३०० भागिले ४२.३४, उत्तर ७.०८ मेगाहर्ट्झ. आजच्या हॅम पट्ट्याच्या बरोबर आत! त्यांचा ट्रान्समीटर बांधणारे नरिमन प्रिंटर हे स्वतः हौशी रेडिओवालेच होते. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी लोकांना संच जमा करायला लावले होते, तरी हे काम झालं. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून स्टेशनची जागा सारखी बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडले गेले, उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. इतिहासाच्या पुस्तकात हे धैर्य म्हणून येतं, आणि ते आहेच. पण ७.०८ मेगाहर्ट्झला पूर्ण डायपोल बांधायचा तर २०.२ मीटर तार लागते. गजबजलेल्या मुंबईत दर थोड्या दिवसांनी नव्या जागी लघुलहरीची अँटेना लावायची, ती कुणाला दिसू द्यायची नाही आणि वेळेवर चालूही झाली पाहिजे, याचा विचार आपल्या ब्रँचच्या माणसाने केला पाहिजे.

बाभुळगावला आम्हाला लपायचं काही नव्हतं. उलट सगळ्यांना दिसत होतं. गावाच्या नावाला जागून बांधावर बाभळी भरपूर, आणि दगड बांधून फेकलेली दोरी बाभळीत गेली की काट्यांतून सुटता सुटत नाही. दोन दोऱ्या तिथेच गेल्या. शेवटी शाळेतल्या सरांनी पलीकडचा कडुनिंब निवडला. शेजारच्या शेतातले एक काका हातातलं काम सोडून बघायला आले.

"काय लावून राह्यले जी? झटका मशीनची तार होय काय?"

"नाही जी काका, रेडिओची आहे."

"मंग गाणे काहून नाही लागून राह्यले?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण दोरी कडुनिंबाच्या बरोबर फांदीवरून त्यांनीच टाकून दिली, गोफणीने, पहिल्याच फेकीत. शेतातल्या पाखरांवर हात बसलेला होता. रेडिओवाल्यांनी जगात त्यासाठी गलोल, धनुष्य असं काय काय वापरलंय, पण गोफणीइतकं सोपं मला काही दिसलं नाही.

मधला बांबू साधारण सहा मीटरचा, दोन्ही बाजू उतरत्या. याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात, उलटा व्ही. एकाच उंच आधारावर भागतं हा फायदा. शिवाय बाजू खाली उतरल्या की मधला रोध ७३ वरून कमी होऊन ५० च्या आसपास येतो, आणि आपली केबल ५० ओहमचीच. सुरुवातीला तार मुद्दाम २१ मीटर ठेवली होती. हातात मावणाऱ्या नॅनोव्हीएनएवर पाहिलं तर अनुनाद ६.८ मेगाहर्ट्झला. तार लांब आहे म्हणून फ्रिक्वेन्सी कमी, हे ठीक. किती कमी करायची? ताशी पन्नास ओळी लिहून घेणाऱ्या आपल्या नोट्समध्ये हे कुठेच नाही, पण त्रैराशिक आहे. लांबी गुणिले फ्रिक्वेन्सी जवळपास कायम राहते. २१ गुणिले ६.८ भागिले ७.१, म्हणजे २०.११ मीटर. साधारण ८९ सेंटिमीटर कमी, दोन बाजूंत वाटून ४४-४५ सेंटिमीटर. काकांनी पक्कड हातातून काढून घेतली. कापायचं नाही, टोक दुमडून तारेवरच पीळ द्यायचा. दुसऱ्या जागी, दुसऱ्या उंचीवर पुन्हा लांबी लागली तर सोडता येतं. सूत्र अंदाज देतं, शेवटचा फरक जमीन, उंची आणि बाजूंचा कोन ठरवतात.

एसडब्ल्यूआर दीडच्या खाली आला तशी मंडळी थांबली. आपल्याला वाटतं की तो एकच पाहिजे. गणित करून बघा : एसडब्ल्यूआर २ असेल तर परत येणारी शक्ती फक्त ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. दीडचा एक करण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा तेवढ्या वेळात बोलणं सुरू करावं, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

खरा धडा यानंतर होता.

एका गाडीवर अडीच मीटरची चकचकीत व्हिप अँटेना होती, खाली कॉइल असलेली. कंपनीची, दिसायला सुंदर, लावायला एक मिनिट. आणि इकडे ही बुटकी तार, जमिनीपासून जेमतेम सहा मीटर. आमच्यातल्या दोघांनी पैज लावली की गाडीवरचीच जिंकणार. बँकेतल्या ताईंनी दोन्ही अँटेना एका स्विचवर घेतल्या आणि ७ मेगाहर्ट्झवर नागपूरच्या स्टेशनला साद घातली. व्हिपवर आवाज होता, पण शब्द ओळखावे लागत होते. तारेवर स्विच केलं की तोच माणूस शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. पुन्हा व्हिप, पुन्हा तार. प्रत्येक वेळी तेच.

असं का, याला दोन कारणं. पहिलं कारण कार्यक्षमतेचं. छोट्या उभ्या अँटेनाचा प्रारण रोध ३९५ गुणिले (उंची भागिले तरंगलांबी) याचा वर्ग, असं आपल्याला शिकवलं आहे. अडीच मीटर उंची, ४२ मीटर तरंगलांबी : उत्तर साधारण १.४ ओहम. आता कॉइल आणि जमीन मिळून समजा १४ ओहमचा तोटा धरला, तर शंभर वॅटमधले फक्त नऊ वॅट हवेत जातात, बाकीचे कॉइल आणि माती तापवतात. व्हिपची चूक नाही, सात मेगाहर्ट्झला ती फार आखूड आहे इतकंच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटलं, कारण ते आपल्या भागाच्या नकाशाशी जोडलेलं आहे. बाभुळगावहून नागपूर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत. हातातल्या व्हीएचएफ संचाने तिथे पोचता येत नाही. दीड मीटर उंचीवर धरलेल्या दोन संचांचं रेडिओ क्षितिज सपाट जमिनीवर जेमतेम दहा किलोमीटर येतं. लघुलहरी आयनमंडलावरून परत येतात, तो थर धरू या ३०० किलोमीटरवर. नागपूरला उतरायचं तर लहर ६० किलोमीटर पुढे आणि ३०० किलोमीटर वर गेली पाहिजे. म्हणजे कोन जवळपास ७९ अंश, सरळ डोक्यावर! उभी व्हिप नेमकी डोक्यावरच काही पाठवत नाही, तिथे तिचा शून्य असतो. आणि पाव तरंगलांबीपेक्षा, म्हणजे साडेदहा मीटरपेक्षा खाली बांधलेला आडवा डायपोल बहुतेक सगळं वरच पाठवतो. कारंज्यासारखं वर जातं आणि चारी बाजूंना तीनचारशे किलोमीटरच्या घेरात खाली पडतं. मध्ये डोंगर असो, दरी असो, फरक नाही. यालाच एनव्हीआयएस म्हणतात. त्या घेरात बाभुळगावहून बघितलं तर अमरावती, नागपूर आहेतच, हैदराबाद साधारण साडेतीनशे किलोमीटरवर, आणि किल्लारीही सव्वातीनशेच्या आसपास. म्हणजे आपत्तीत ज्यांना निरोप द्यायचा ती जिल्ह्याची, विभागाची ठिकाणं बरोबर या घेरात येतात. आणि त्यासाठी उंच मनोरा नको, बुटकी तारच पाहिजे.

टेलिफोनवाले काका तोंडात सुपारी ठेवून म्हणाले, "पोट्टेहो, आधी कुणाशी बोलाचं ते ठरवा, मंग तार बांधा."

उभी अँटेना वाईट असते असं नाही. दुपारनंतर त्याच मंडळींनी गळाच्या लांब काठीला पाच मीटर तार गुंडाळून १४ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबीची उभी अँटेना केली आणि खाली जमिनीवर चार तारा पसरल्या. आपली काळी कापसाची जमीन विजेला चांगली वाट देते, अर्थिंग करणाऱ्या कुणालाही विचारा. संध्याकाळी त्यावर रशियाकडची स्टेशनं ऐकू येत होती. इतक्या दूरसाठी लहर क्षितिजाजवळून निघावी लागते, आणि ते काम उभीचं. नागपूर मात्र त्यावर अजिबात नाही, नागपूर तिच्या दृष्टीने फार जवळ होतं! अंधार पडल्यावर आयनमंडल विरळ होतं तसं ७ मेगाहर्ट्झवरूनही जवळची स्टेशनं मावळतात, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झवर जायचं. तिथे तार दुप्पट, चाळीस मीटर. बांध लांब असल्याचा फायदा शेतातच कळतो.

शक्तीबद्दलही एक गैरसमज तिथे गेला. संच शंभर वॅटचा होता, पण तो बोलताना वीस अँपिअर ओढतो, आणि तेवढ्याने बॅटरीचा जीव जातो. ताईंनी तो २५ वॅटवर आणला. चौपट कमी म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मीटरवर फक्त एक एस-युनिट. नागपूरवाल्याला विचारलं तर म्हणाला, काही कळलं नाही. उलट केबल जपावी लागते. आपल्या लॅबमधली ती बारीक आरजी-५८ पंधरा मीटर घेतली तर ७ मेगाहर्ट्झला अर्धा डेसिबल खाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण १४५ मेगाहर्ट्झला तीच केबल जवळपास निम्मी शक्ती गिळते.

मी त्या दिवशी माईकला हात लावला नाही. परवाना नसताना बोलणं हा गुन्हा आहे, ऐकायला आणि शिकायला हरकत नव्हती. लॉगबुक माझ्याकडे होतं : वेळ, फ्रिक्वेन्सी, कोणाचं स्टेशन, कोणती अँटेना, आवाज कसा. घर सोडून दुसरीकडे स्टेशन लावायचे नियम असतात, ते कागद मंडळींनी आधीच पुरे केले होते आणि पोलीस ठाण्यालाही कळवलं होतं. अजून एक गोष्ट त्यांनी तार बाहेर काढण्याआधी केली, ती म्हणजे वर बघितलं. शेतपंपाच्या लाइन जिथे जातात तिथे तार फेकायची नाही, तुटून पडली तरी लाइनला लागणार नाही इतकं अंतर ठेवायचं. ढग गडगडले की सगळं खाली. आणि बोलणं चालू असताना डायपोलच्या टोकाला कुणी हात लावू नये, कारण मधोमध विद्युतदाब कमी असला तरी टोकांना तो खूप असतो. म्हणून टोकं डोक्याच्या वर बांधली होती.

हे सगळं हॉस्टेलवरच का नाही केलं, असंही एकाने विचारलं. ऐकून बघितलं आहे. रात्री अकराला, सगळे चार्जर, लॅपटॉपचे ॲडॉप्टर, एलईडी दिवे आणि पंख्यांचे रेग्युलेटर चालू असताना ७ मेगाहर्ट्झवर नुसती खरखर असते. बाभुळगावच्या माळावर संच लावला तेव्हा तो बंद आहे की काय असं वाटलं, इतकी शांतता. मग हळूच एक बारीक आवाज आला आणि कळलं की तो चालू आहे. क्षीण स्टेशन ऐकायचं तर अँटेनाइतकीच ही शांतता लागते.

ज्यांना यात पडायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. परवाना दूरसंचार विभाग देतो, त्याआधी परीक्षा असते : थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि रेडिओ, जे आपण सेकंड इयरला करतो, आणि थोडे नियम, जे पाठ करावे लागतात. २००९ च्या दुरुस्तीपासून परवान्याचे जनरल आणि रिस्ट्रिक्टेड असे दोन वर्ग झाले. नवशिक्याने रिस्ट्रिक्टेडपासून सुरुवात करावी, आणि अर्ज भरायच्या आधी विभागाचे ताजे नियम स्वतः वाचावेत, सिनियरने सांगितलं म्हणून नको.

परवाना येईपर्यंत ऐकता येतं. वॉर्डन सरांनी आपल्या गच्चीवर एक तार बांधायला होकार दिला आहे, दोन अटींवर : पाण्याच्या टाकीला काही बांधायचं नाही आणि कपड्यांच्या दोऱ्यांना धक्का लावायचा नाही. तार २१ मीटर कापून ठेवली आहे, केबल लॅबमधून सही करून मिळेल. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, मेसचे पोहे झाल्यावर. आठ वाजता एवढ्यासाठी की तेव्हा अर्धं हॉस्टेल झोपलेलं असतं आणि चार्जर कमी असतात. पक्कड ज्याची त्याने आणावी.